अर्जुनेच्या कांठचें राजापूर

भूगोलाच्या तासाला मीं पुष्कळ वर्षें ॲमेझॉनचें वर्षावन शिकविलें. नकाशावर छडी टेकून सांगावयाचें कीं, येथें पानें एकदम गळत नाहींत, येथील गांवें नदीच्या कांठीं वसतात आणि नदी हाच त्यांचा राजमार्ग असतो. मुलें तें घोकीत. वर्गाच्या खिडकीबाहेर त्या वेळीं आषाढ कोसळत असे. पण त्याच जातीचें अरण्य आपल्या सह्याद्रीच्या उतरणीवर आहे, आणि तसलें नदीकांठचें लहानसें गांव आपल्याच जिल्ह्यांत आहे, हें ना मुलांच्या मनांत येई ना मास्तरांच्या. तें गांव म्हणजे राजापूर. माझें मूळ घर अणुस्कुरा घाटाच्या वाटेवरील एका खेड्यांत. राजापूर ही आमची बाजाराची पेठ. आणि बाजाराचें गांव कोणी पाहावयास म्हणून जात नाहीं. गेल्या श्रावणांत भाचीकडे चार दिवस राहिलों, तेव्हां तें प्रथम नीट पाहिलें.

रत्नागिरीहून साठपासष्ट किलोमीटरांचा रस्ता. आगगाडीनें येणारानें मात्र फसूं नये. ‘राजापूर रोड’ हें स्थानक नांवापुरतेंच राजापूरचें, गांव तेथून बरेंच दूर आहे. घाटमाथ्याखालून आलेली अर्जुना येथें खाडीला मिळते, आणि गांवाच्या अंगालाच कोदवली नदी तिला येऊन भेटते. समुद्र येथून सुमारें पंधरा मैलांवर, तरी भरतीचें पाणी येथवर चढतें. जांभ्या दगडाच्या पायऱ्या, उतरत्या कौलांचीं घरें, अरुंद चढउतारांच्या गल्ल्या, आणि भोंवतीं चहूंकडे हिरवे डोंगर. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस झेलणारी ही भूमि पुढें आठ महिने कोरडी असते. म्हणूनच येथील रानाला शास्त्रज्ञ कोठें सदाहरित तर कोठें निमसदाहरित म्हणतात.

या चिमुकल्या गांवाचा इतिहास मात्र चिमुकला नाहीं. इंग्रजांनीं येथें १६४९ मध्यें वखार घातली, फ्रेंचांचीहि पुढें आली. घाटावरचा माल अणुस्कुऱ्यानें उतरे, तो येथें गलबतांत चढे. १६६० सालीं पन्हाळ्याच्या वेढ्यांत येथल्या इंग्रजांनीं सिद्दी जौहराला तोफेचें साहाय्य केलें. महाराजांनीं तें लक्षांत ठेविलें आणि १६६१ च्या मार्च महिन्यांत राजापुरावर येऊन वखार खणून काढली. हेन्री रेव्हिंग्टन व त्याचे सोबती कैद झाले. भरपाईचा तंटा १६७४ च्या राज्याभिषेकसमयीं आलेल्या इंग्रज वकिलातीपर्यंत चालला होता. व्यापाऱ्यानें व्यापार सोडून दुसऱ्याच्या लढाईंत तोफ डागली म्हणजे काय होतें, याचें याहून चांगलें उदाहरण मला वर्गांत कधीं सांपडलें नाहीं.

उन्हाळ्याचे झरे व गंगा यांविषयीं वाचकांना ठाऊक असेलच. उन्हाळें येथें बारमाही ऊन पाण्याचा झरा, आणि जवळच टेकडीवर गंगेचीं चौदा कुंडें. वडाच्या मुळांशीं मूळ गंगा प्रकटते, आणि मग एकेक कुंड भरत जातें. पूर्वी ती तीन वर्षांनीं यावयाची व दोनतीन महिने राहावयाची, असा साधारण क्रम सांगत. अलीकडे तिचा नेम राहिलेला नाहीं. जमिनीच्या पोटांतील वक्रनलिकेसारख्या रचनेनें हें घडतें, अशी एक उपपत्ति आहे. मी गेलों तेव्हां कुंडें कोरडीं होतीं. भाविकांची निराशा झाली असती. मला तें रिकामें कुंड अधिक शिकवून गेलें, कारण पावसांतहि जें भरत नाहीं त्याचें पाणी कोठल्या तरी दूरच्या वाटेनें येतें, हें तेथें डोळ्यांना दिसतें. धूतपापेश्वराच्या देवळाशीं मात्र पाण्याला तोटा नव्हता. शेजारीं धबधब्याचा असा कल्लोळ कीं, पुजाऱ्यानें सांगितलेला तिथीचा संकल्प मला त्याच्या ओठांवरून ओळखावा लागला.

परंतु मी जें सांगावयास बसलों आहें तें निराळेंच आहे. तिसऱ्या दिवशीं सकाळपासून वर घाटाकडे पाऊस लागला होता. जवाहर चौकांत एका दुकानीं मी छत्रीची काडी बसवून घेत होतों. दुकानदार काम करतां करतां मधूनच उठे, दारांत जाऊन नदीच्या बाजूला पाही, आणि परत येऊन खालच्या फळीवरचा माल वरच्या फळीवर ठेवी.

“पाणी येईलसें वाटतें काय?” मीं विचारलें.

“गुरुजी, वर पाऊस आणि खालीं भरती, दोघांची गांठ पडली कीं आम्ही माळ्यावर. दरसालचें आहे. माझ्या आज्यानें ह्या फळ्या बांधल्या त्या एवढ्यासाठींच.”

त्या दिवशीं पाणी पायऱ्यांशींच राहिलें. पण मनांत प्रश्न राहिला, कीं जेथें एके काळीं गलबतें लागत तेथें आतां पाणी दुकानांत कां शिरतें? १८८० च्या रत्नागिरी गॅझेटियरांत याचें अर्धें उत्तर आहे. जुन्या दगडी धक्क्यापासून तीन मैलांच्या आंत मोठें गलबत त्या वेळींच येऊं शकत नव्हतें. तरीहि अरबांचीं गलबतें थेट व्यापाराला येतात असें जिल्ह्यांतील एकटें बंदर राजापूरच होतें. म्हणजे नदी गाळानें भरत आली त्याला दीडशें वर्षें होत आलीं. पात्र उथळ झालें कीं तेवढेंच पाणी अधिक उंच चढतें; हें तिसरीच्या मुलालाहि तांब्या व परात घेऊन दाखवितां येईल. अलीकडे पात्रांतला गाळ यंत्रांनीं काढण्याचें काम होतें, तेंहि चांगलेंच. परंतु गाळ हा नदीचा नव्हे, तो डोंगराचा आहे. डोंगरावर किंजळ, ऐन, जांभूळ, हिरडा दाट असले म्हणजे पावसाचा थेंब पानांवरून, पाचोळ्यावरून हळूहळू मातींत मुरतो. रान उघडें झालें कीं तोच थेंब माती घेऊन पऱ्यांत उतरतो, पऱ्या नदींत.

आणि हा डोंगर कोणाचा? आमच्या रत्नागिरींत बहुतेक रान सरकारचें नाहीं. तें तुमचें आमचें आहे. देवराया देवाच्या भयानें कांहींशा टिकल्या. त्यांत अजून धनेश, ज्याला आमच्याकडे ककणेर म्हणतात, घरटें करतो. उरलेलें रान सातबाराच्या उताऱ्यावर आहे, आणि त्या उताऱ्यावर एका कुटुंबाचीं वीस वीस नांवें आहेत. मुंबई, पुणें, नागपूर येथें नांदणाऱ्या त्या नांवांना डोंगर म्हणजे चुलत्यांच्या पत्रांतला एक शब्द. ठेकेदार येतो, संमतिपत्र फिरतें, ज्याची त्याची सही होते. झाडें तोडण्याविषयींचा १९६४ चा कायदा आहे व परवानगीहि लागते. पण कागद पुरे असले कीं कुऱ्हाड कायदेशीर होते.

हें मी दुसऱ्याला दोष देण्यासाठीं लिहीत नाहीं. आमच्या सामाईक डोंगराच्या एका उतरणीच्या कागदावर पंधराएक वर्षांपूर्वीं पहिली सही माझी होती. मी गावीं होतों, वडील होतों, आणि मला नाहीं म्हणण्याची लाज वाटली. माझ्या वांट्याच्या रकमेंतून ओटीला फरशी बसविली. दुसऱ्याच वर्षीं घरामागचा पऱ्या माघांतच आटला. पूर्वी तो वैशाखाला पोहोंचत असे. त्या डोंगराची माती अर्जुनेंतून जवाहर चौकापर्यंत पोहोंचली असेल कीं नाहीं, याचा हिशेब कोणी करून देणार नाहीं. मला मात्र त्या दुकानांतल्या वरच्या फळीकडे नीट पाहवलें नाहीं.

घरीं परतलों तों दुसऱ्या उतरणीचें संमतिपत्र पुतण्याकडून येऊन पडलेलें. सतरांपैकीं अकरा सह्या झालेल्या. मुलांच्या शिक्षणाला पैसा हवा, हें त्याचें म्हणणें खोटें नाहीं. मीं तो कागद ओटीवर वाचून दाखविला. थोरल्या वहिनी, वय ऐशीं, तांदूळ निवडीत होत्या. त्या मान वर न करतां म्हणाल्या, “भावोजी, सही करायची तर करा. पण फाल्गुनांत पाणी कोठून आणायचें, तेंहि त्याच कागदावर लिहून घ्या.”

त्यांचें वाक्य मीं जसेंच्या तसें कागदाच्या तळाशीं लिहिलें, आणि सहीची जागा रिकामी ठेवून कागद परत पाठविला. पुतण्याचें उत्तर अजून आलेलें नाहीं.