स्पेन्सर कार्बाइन व तिचे काडतूस

संग्रहालयातील जुनी बंदूक पाहणाऱ्यास ती एक स्वयंपूर्ण यंत्र वाटते. वस्तुतः बंदूक हा एका जोडीचा अर्धा भाग होय. उरलेला अर्धा भाग म्हणजे तिचे काडतूस. काडतूस तयार होणे बंद झाले म्हणजे शस्त्र शाबूत असूनही मुके होते. अमेरिकेतील स्पेन्सर कार्बाइन हे याचे बोलके उदाहरण आहे.

ख्रिस्तोफर स्पेन्सर यांना या रचनेचे पेटंट १८६० साली मिळाले, आणि १८६१–६५ च्या अमेरिकी यादवी युद्धात तिचा मोठा वापर झाला. तोंडाने भरावयाच्या बंदुकीतून कुशल शिपाई मिनिटास सुमारे तीन गोळ्या झाडी. स्पेन्सरच्या दस्त्यातील नळकांड्यात सात काडतुसे राहत. चापाभोवतीची तरफ खाली ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडे व ती मिटताना नवे आत जाई. घोडा मात्र प्रत्येक वेळी अंगठ्याने चढवावा लागे.

या शस्त्राचे मूळ काडतूस ‘५६-५६’ या नावाने ओळखले जाई. हे आकडे नळीच्या छिद्राचे नसून काडतुसाच्या तांब्याच्या कवचाचे बूड व तोंड यांचे व्यास, इंचाच्या शतांशांत, दर्शवितात. त्याला वेगळी टोपी नव्हती. आघाताने पेटणारे द्रव्य बुडाच्या पोकळ कडेतच भरलेले असे आणि घोड्याचा आघात त्या कडेवर होई. ही कड एकदा चेपली की तीत ते द्रव्य पुन्हा सुरक्षितपणे भरता येत नाही. म्हणजे कवच एकदाच उपयोगी पडे. उलट ज्या काडतुसाच्या बुडाच्या मध्यभागी सुटी टोपी बसते, त्याची टोपी बदलून कवच पुनःपुन्हा भरता येते. १८६६ च्या सुमारास इंग्लंडात बॉक्सर यांनी व अमेरिकेत बर्डन यांनी अशा टोप्यांच्या रचना सिद्ध केल्या. पुढे मोठ्या व्यासाची कडेवर पेटणारी काडतुसे मागे पडली, आणि स्पेन्सरच्या काडतुसाचे उत्पादनही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात थांबले.

आज ही कार्बाइन पुन्हा चालवू पाहणाऱ्यांपुढे दोन मार्ग असतात. पहिल्यात पितळेच्या घडीव कवचाच्या बुडाशी, कडेलगत, एक छिद्र पाडून त्यात .२२ मापाचे गोळीविरहित छोटे काडतूस टोपीऐवजी बसवितात. यात मूळ बंदुकीस हात लावावा लागत नाही. परंतु ते छोटे काडतूस आघाताच्या नेमक्या जागी यावे, म्हणून प्रत्येक काडतूस हाताने, ठराविक बाजू वर करून भरावे लागते. नळकांड्यातून येणारे काडतूस कोणत्याही बाजूने फिरलेले असू शकते. परिणामी शस्त्र चालते, पण ज्या गुणासाठी ते प्रसिद्ध झाले तो गुणच हरपतो.

दुसऱ्या मार्गात नळीचे मागील तोंड बंद करणारा ठोकळा काढून, मध्यभागी आघात करणारा नवा ठोकळा बसवितात. कवचासाठी १८६६ साली अमेरिकी सैन्याने स्वीकारलेल्या ‘५०-७०’ काडतुसाचे लांब कवच कापून आखूड करतात व त्याची कड लेथवर छाटतात. स्पेन्सरची काडतुसे एकाहून अधिक मापांची असल्यामुळे तत्पूर्वी कक्षाचा ठसा घेऊन मापे निश्चित करणे अपरिहार्य असते. काडतुसाची एकूण लांबीही जुळावी लागते. ती चुकल्यास ते नळकांड्यातून कक्षात नीट सरकत नाही.

मात्र या सोयीबरोबर एक नवा धोका उद्भवतो. नळकांड्यात प्रत्येक गोळीचे नाक पुढच्या काडतुसाच्या बुडावर टेकलेले असते. मूळ काडतुसात त्या मध्यभागी टोपी नव्हती. नव्यात ती नेमकी तेथेच येते. टोकदार गोळीने धक्क्यासरशी ती पेटू शकते. यास्तव सपाट नाकाची गोळी वापरणे आवश्यक ठरते. दुसरी मर्यादा दारूची. ही रचना काळ्या दारूच्या सौम्य दाबासाठी झाली. धूररहित दारू १८८४ साली फ्रान्समध्ये व्हिएय यांनी शोधली, म्हणजे या कार्बाइनचे उत्पादन थांबल्यानंतर. तिचा जोर शतकाहून जुन्या लोखंडावर लादणे हे साहस नव्हे, अविवेक होय.

येथे इतिहासाभ्यासकापुढे खरा प्रश्न उभा राहतो. पहिल्या मार्गात वस्तू अस्सल राहते, पण तिची क्रिया अपुरी राहते. दुसऱ्यात क्रिया परत येते, पण तिच्या मर्मस्थानी नवा भाग असतो. मूळ ठोकळा छिद्र न पाडता, न घासता जपून ठेवला, तर केलेला बदल केव्हाही मागे घेता येतो. तोच छिद्र पाडून बदलला, तर एकोणिसाव्या शतकातील कारागिरीचा एक पुरावा कायमचा नष्ट होतो. चाचणीतून मिळणारे ज्ञान मोलाचे असले, तरी त्यासाठी पुराव्याचाच बळी देणे संशोधनास परवडणारे नाही.