अनंताची जमीन

सह्याद्रीच्या पश्चिमेस, जांभ्या दगडाच्या तांबड्या मुलखात, विहिरीच्या काठी किंवा परसात अनंताचे एखादे झाड सहज आढळते, आणि त्याची विशेष निगा कोणी राखत असल्याचे दिसत नसतानाही पावसाळ्यात ते जाडसर पाकळ्यांच्या शुभ्र फुलांनी भरून येते. परंतु त्याच झाडाची काडी हौसेने घाटावर आणून पुण्यात वा सोलापुरात लावावी, तिला वेळच्या वेळी पाणी घालावे, शेणखत द्यावे, आणि तरीही दोन-तीन वर्षांत पाने पिवळी पडून कळ्या उमलण्यापूर्वीच गळाव्यात, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की ‘अनंत आमच्याकडे होत नाही’ असा निकाल देऊन पुष्कळजण मोकळे होतात. हा निकाल मला मान्य नाही. अनंताची कैफियत नीट समजून घेतली, तर त्याचे मुख्य मागणे जमिनीच्या आम्लतेविषयी असते, असे दिसून येईल.

हे झुडूप मूळचे चीन आणि त्यालगतच्या पूर्व आशियातील प्रदेशांचे. सोंग राजवटीतील चित्रकारांनी त्याची फुले रंगविली आहेत. ‘गार्डेनिया’ हे त्याचे शास्त्रीय प्रजातिनाम जॉन एलिस या इंग्रज निसर्गाभ्यासकाने १७६१ साली प्रसिद्ध केले, आणि ते अमेरिकेतील चार्ल्सटन येथे वैद्यकी करणाऱ्या अलेक्झांडर गार्डन यांच्या सन्मानार्थ होते. सुगंधामुळे जाई-मोगऱ्याशी त्याचा संबंध जोडला जातो, पण वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते कॉफीच्या कुळातले आहे. एकेरी फुलाच्या जातीस उभ्या कंगोऱ्यांची नारिंगी फळे येतात, आणि ज्या क्रोसिनमुळे केशराला रंग येतो तेच द्रव्य या फळांत असल्याने जपानात मुळ्याचे लोणचे पिवळे करण्यासाठी ती वापरली जातात. आजीबाईच्या बटव्यातील डिकेमाली हा याच गार्डेनिया प्रजातीतील आपल्याकडील वृक्षांचा डिंक होय. रोप विकत घेताना दुहेरी तगर अनंत म्हणून गळ्यात पडण्याचा संभव असतो. अशा वेळी एक पान देठापाशी तोडून पाहावे, पांढरा चीक आला तर ती तगर समजावी.

आता जमिनीविषयी. दख्खनच्या पठारावरील काळी माती बेसाल्ट खडक झिजून झालेली, चुनखडीचे खडे बाळगणारी आणि बहुधा साडेसात ते साडेआठ सामूची (पीएच) असते, तर अनंतास पाच ते सहाच्या आसपासचा सामू मानवतो. या काळ्या मातीत लोह मुबलक असते. परंतु चुन्याच्या सान्निध्यात ते न विरघळणाऱ्या स्वरूपात अडकून पडते, आणि हरितद्रव्य घडण्यास आवश्यक असे हे द्रव्य मुळांपाशी असूनही झाडास दुर्लभ होते. लोह जुन्या पानांतून निघून नव्या पानांकडे सहसा जात नसल्यामुळे प्रथम पिवळी पडतात ती शेंड्याची कोवळी पाने, आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या राहून पानावर एक जाळीच उमटते. खालची जुनी पाने सर्वांगाने पिवळी होत असतील, तर ती नत्राची उणीव समजावी. हा भेद ध्यानी न घेता पिवळ्या झाडास खतामागून खत घालणे म्हणजे आजार एकीकडे आणि औषध दुसरीकडे.

म्हणून घाटावर अनंत कुंडीत लावणे मला अधिक श्रेयस्कर वाटते, कारण कुंडीतील मातीचा बंदोबस्त आपल्या हाती असतो. जांभ्याची तांबडी माती, पानांचे कुजलेले खत आणि थोडी नदीची वाळू असे मिश्रण करावे. चुलीची राख झाडाच्या बुंध्याशी टाकण्याची आपल्याकडील जुनी वहिवाट या झाडास अपायकारक आहे, आणि चुन्याने रंगविलेल्या किंवा सिमेंटच्या गिलाव्याच्या भिंतीलगत तर ते लावूच नये. बोअरचे जड पाणीही हळूहळू मातीचा सामू वाढवते, तेव्हा शक्य तेथे पागोळ्यांचे पाणी साठवून वापरावे. पाने पिवळी पडलीच, तर एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस आणि थोडा लिंबाचा रस मिसळून उन्हे कलल्यावर फवारावे. हा उपाय तात्पुरता असतो. कुंडीत अल्प प्रमाणात गंधक मिसळल्यास जमिनीतील जीवाणू त्याचे आम्ल करतात, मात्र त्यास काही महिने लागतात, याची जाणीव ठेवून धीर धरावा.

कळी पाहण्यासारखी असते: हिरवट, लांबट आणि कापसाच्या वातीसारखी पिळलेली, हा पीळ उलगडत जातो तशी पाकळी न् पाकळी मोकळी होते. फूल पहिल्या दिवशी पांढरेशुभ्र, मग सायीच्या रंगाचे, आणि शेवटी पिवळसर होऊन झाडावरच सुकते. कळ्या धरल्यावर कुंडीची जागा बदलणे, माती कडकडीत वाळू देऊन मग एकदम पाणी ओतणे, किंवा दुपारच्या पश्चिमेच्या उन्हात झाड ठेवणे, यांतील कोणतीही हयगय कळीगळीस कारणीभूत होते. सकाळचे ऊन आणि दुपारची विरळ सावली, ही व्यवस्था उत्तम.

पिठ्या ढेकूण आणि पांढरी माशी यांचा उपद्रव झाल्यास पानांवर चिकटा पसरून त्यावर काजळी धरते; ती पुसून कडुनिंबाचे तेल साबणाच्या पाण्यात मिसळून फवारावे. एके रात्रीत शेंड्याची पाने नाहीशी झाली, तर फांदीवर शेपटाकडे शिंग असलेली हिरवी अळी शोधावी. तिचा पुढे पारदर्शक पंखांचा, भर दिवसा फुलांपुढे तरंगत मध पिणारा सुंदर पतंग होतो. तेव्हा झाड मोठे असेल तर दोन-चार अळ्यांस अभय द्यावे, रोप लहान असेल तर मात्र त्या हाताने वेचाव्यात.

छाटणी बहर ओसरताच, लांबण न लावता करावी, कारण उशिरा चालविलेली कात्री पुढच्या कळ्यांवरच पडते. पावसाळ्यातील छाटणीचे तुकडे मात्र फेकू नयेत: बोटभर लांबीच्या, अर्धवट जून अशा काड्यांची खालची पाने काढून त्या वाळूमिश्रित मातीत सावलीत खोचाव्यात, वरून ओलावा टिकविण्याची तजवीज करावी, आणि महिना-दीड महिन्याने नवी पालवी फुटलेली रोपे तांबड्या मातीच्या लहान कुंड्यांत हलवावीत.