पदवीचे कर्ज आणि पहिला पगार

बारावीचा निकाल लागला, की गावातला बाप दोन ठिकाणच्या पायऱ्या चढू लागतो. एक बँकेच्या, आणि दुसऱ्या गुरुजींच्या घराच्या. "गुरुजी, पोरगा म्हणतो पुण्याला बीबीए करतो. व्यवसाय अर्थशास्त्र घ्यायचंय म्हणे. सहा लाख लागतील. काढू का कर्ज?" आता गुरुजींनी काय सांगावे? शिकू नको, असे तोंडातून निघत नाही. आणि काढा म्हणावे, तर सहा लाख ही काही लहानसहान रक्कम नव्हे. मंडळी, आज हा हिशेब आपण कागदावर मांडून पाहू.

व्यवसाय अर्थशास्त्र हे नाव भारी वाटते, पण वस्तू ओळखीची आहे. कांद्याचा भाव पडला, तर माल चाळीत ठेवावा की आजच विकावा? तुम्ही मनाशी सडीची घट धरता, चाळीचा खर्च धरता, अडकून पडलेल्या पैशाचे व्याज धरता आणि मग ठरवता. हाच विचार दुकान, कारखाना, बँक यांच्या व्यवहाराला लावायचा आणि त्याला आकडेशास्त्राची जोड द्यायची, की झाले हे शास्त्र. गंमत अशी, की कर्ज परवडेल की नाही हे ठरवायला शिकवणारा विषय नेमका हाच. पण तो शिकायला मिळतो कर्जाच्या कागदावर सही झाल्यानंतर!

तेव्हा आधी कर्जाची बाजू घेऊ. समजा, दरवर्षी दोन लाख याप्रमाणे तीन वर्षांत सहा लाख रुपये उचलले, आणि व्याज शेकडा १० आहे. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर साधारण एक वर्ष हप्ता मागत नाहीत. पुष्कळांना वाटते, तोवर व्याजही थांबते. तसे नाही. पहिल्या वर्षी २० हजार, दुसऱ्या वर्षी ४०, तिसऱ्या वर्षी ६० आणि सवलतीच्या चौथ्या वर्षी आणखी ६०, असे सरळ व्याजानेच १ लाख ८० हजार साचतात. म्हणजे पहिला हप्ता भरायला जाल तेव्हा सहा लाखांचे ७ लाख ८० हजार झालेले असतात. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे १०,३०० रुपये, आणि सगळे मिळून १२ लाख ३७ हजारांच्या आसपास जातात. मुदत पंधरा वर्षांची घेतली तर हप्ता ८,४०० च्या घरात येतो, पण एकूण भरणा १५ लाखांवर जातो. शिकत असतानाच व्याज भरत गेलात, तर हप्ता ८ हजारांच्या आत राहतो. काही बँका त्याबद्दल व्याजदरात थोडी सूटही देतात. एखादे वर्ष नापास होऊन वाढले, तर मात्र हे सगळे आकडे वाढवून धरा.

आता मिळकतीची बाजू. इथे दोन ठिकाणी फसगत होते.

पहिली 'पॅकेज' या शब्दाने. वर्षाला ३ लाख ६० हजार म्हटले, की आपण बाराने भागतो आणि तीस हजार म्हणतो. पण त्या आकड्यात मालकाने भरायचा भविष्यनिर्वाह निधी असतो, ग्रॅच्युइटीची तरतूद असते, कधी विम्याचा हप्ताही असतो. हातात पडते ते कमी.

दुसरी फसगत सरासरीची. शिक्षकांनी हे फळ्यावर मांडून दाखवावे. दहा मुलांपैकी नऊ जणांना २० हजारांची नोकरी लागली आणि एकाला १ लाख २० हजारांची. सरासरी आली ३० हजार. माहितीपत्रकात ३० हजार छापले, त्यात खोटे काहीच नाही. पण तीस हजार पगार त्या वर्गात एकालाही नाही. म्हणून सरासरी विचारू नका. पगार चढत्या क्रमाने लावले तर मधल्या मुलाला किती मिळाले, आणि किती जणांना नोकरीच लागली नाही, ते विचारा.

खरी मेख पुढेच आहे. समजा, मुलाच्या हातात २५ हजार पडले. खोली, खानावळ, बस, फोन यांत १४ हजार गेले. उरले ११ हजार. त्यातून हप्ता गेला, की शिल्लक सातशे रुपये! तरीही कुणी म्हणेल, हप्ता तर सुटतो ना? मग कर्ज वसूल झाले.

पण विहिरीसाठी कर्ज काढणारा शेतकरी सगळे पीक विहिरीच्या नावावर लिहीत नाही. जिरायतीत जे येतच होते ते तो वजा करतो आणि पाण्यामुळे जे वाढले, तेवढेच विहिरीच्या खात्यात धरतो. पदवीचेही तसेच. तालुक्याच्या अनुदानित महाविद्यालयात बी.कॉम.ची फी काही हजारांत भागते, एस.टी.चा सवलतीचा पास मिळतो, आणि पुणे-मुंबईच्या विद्यापीठांत बी.कॉम.लाही व्यवसाय अर्थशास्त्र शिकवतातच. तो मुलगा पुढे नोकरीसाठी शहरात गेला आणि त्याला १८ हजार मिळाले, असे धरू. मग सहा लाखांच्या पदवीने वाढवले किती? सात हजार. हप्ता दहा हजार तीनशेचा. महिन्याला तीन हजार तीनशेची खोट! पुढे बढत्या भराभर मिळाल्या, तर ती भरून निघेल. न मिळाल्या, तर दहा वर्षे घरातून पैसे घालावे लागतील.

शहराच्या महाविद्यालयात काहीच मिळत नाही, असे मी म्हणत नाही. चार मोठ्या कंपन्यांची दारे दिसतात, इंग्रजीची भीड चेपते. घरातून पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलाला याचे मोल मोठे. पण माझे मत विचाराल, तर घराची कर्ज काढण्याची ताकद बहुधा एकाच वेळेपुरती असते. ती पहिल्याच पदवीवर खर्च करू नये. आधी स्वस्तात पदवी घ्यावी, संगणकावरचे हिशेब आणि आकडेशास्त्र पक्के करावे, दोन वर्षे नोकरी करावी. मग पुढच्या शिक्षणासाठी कर्ज काढायचे तर डोळे उघडे ठेवून काढता येते.

तरीही जायचे ठरलेच, तर आधी सवलती धुंडाळा. वार्षिक उत्पन्न ४ लाख ५० हजारांपर्यंत असलेल्या घरांसाठी केंद्र सरकारची व्याज-अनुदान योजना २००९ पासून आहे. व्यावसायिक शिक्षणाच्या कर्जावरचे सवलतीच्या काळातले व्याज सरकार भरते. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी तारणाशिवाय कर्ज मिळते. मुलगी असेल, तर महाराष्ट्र सरकारने २०२४ साली काढलेला शिक्षणशुल्क माफीचा निर्णय तिला लागू होतो का, हे प्रवेशाआधीच विचारा. ही माफी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून गेलेल्यांना आहे. व्यवस्थापनाच्या कोट्यातून जागा घेतली, की ती हातची गेली.

आणि तारण नाही म्हणजे जोखीम नाही, असे समजू नका. कर्जाच्या कागदावर मुलाबरोबर बापाचीही सही असते, सहकर्जदार म्हणून. पोराचे हप्ते थकले, की बापाच्याही नावावर थकबाकीची नोंद होते, आणि उद्या तो ट्रॅक्टरसाठी बँकेत गेला, तर साहेब तीच नोंद उघडून बसतात. पुष्कळ बापांना ही गोष्ट सही करताना कुणी सांगितलेली नसते. गुरुजी, ती तुम्ही सांगा. आणि जमले तर त्या महाविद्यालयातून दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेली तुमच्या भागातली दोन मुले शोधून काढा. दिवाळीला ती गावी येतातच. त्यांना पदवीचे नाव विचारू नका, पॅकेजही नको. महिन्याच्या सात तारखेला हातात काय येते आणि दहा तारखेला हप्ता किती जातो, एवढेच विचारून घ्या.