जेवायला नको म्हणणारा पाहुणा

काचेच्या टाकीत मासे पाळण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. अलीकडे मात्र या टाक्यांतून एक वेगळाच पाहुणा दिसू लागला आहे. डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले, रुंद जिवणी, चार इवलेसे पाय आणि लांब शेपटी, असे त्याचे रूप. नाव अ‍ॅक्सोलॉटल. २०२१ साली माइनक्राफ्ट या संगणकावरील खेळात तो आला आणि हे अवघड नाव शाळकरी मुलांच्याही तोंडी बसले. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. प्राणिशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु फोंड्याला माझ्या मावसभावाने असे दोन प्राणी आणले आणि ते काही खाईनात, तेव्हा या विषयात मला शिरावे लागले. त्यातून जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट ही, की हा मासा नव्हे. बेडकाप्रमाणे तो उभयचर आहे. बेडकाचे पिल्लू मोठे होते, कल्ले टाकते आणि जमिनीवर येते. अ‍ॅक्सोलॉटल मात्र बाळपणीचे कल्ले जन्मभर बाळगतो आणि पाण्यातच राहतो. त्याचे मूळ गाव मेक्सिको शहराच्या दक्षिणेचे शोचिमिल्को हे सरोवर. १८६४ साली ३४ प्राणी पॅरिसला नेण्यात आले. आज जगातील प्रयोगशाळांत जे अ‍ॅक्सोलॉटल आहेत, त्यांपैकी बहुतेकांचा वंश तिथपर्यंत पोचतो. मूळ गावी मात्र त्याची दैना आहे. १९९८ साली शोचिमिल्कोत दर चौरस किलोमीटरला सुमारे ६००० प्राणी होते. २०१४ च्या पाहणीत ते ३६ वर आले.

आता मुख्य तक्रारीकडे वळू. ज्याने म्हणून हा प्राणी पाळला, तो केव्हा ना केव्हा म्हणतो, "हा जेवत नाही हो!" आपण लगेच त्याला चोखंदळ ठरवतो आणि नवनवे पदार्थ त्याच्यापुढे टाकतो. पण दहांतली निम्मी तक्रार खाण्याची नसतेच, ती पाण्याची असते.

याचा हिशेब आमच्या जमाखर्चाच्या वहीसारखा मांडता येतो. शोचिमिल्को समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटर उंचीवर आहे. तिथले पाणी थंड असते. अ‍ॅक्सोलॉटलला १६ ते १८ अंश सेल्सिअस तापमान मानवते. २२ च्या वर त्याला त्रास होऊ लागतो आणि २४ च्या पुढे जिवाला धोका असतो. त्याच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर चढते. पाणी तापले की शरीराचा व्यवहार वेगाने चालतो आणि प्राणवायूचा खर्च वाढतो. पण त्याच वेळी पाण्यातली जमा घटते. १६ अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त सुमारे ९.९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात सुमारे ७.५. जमा कमी आणि खर्च जास्त, अशा स्थितीत दुकान चालत नाही, तसाच हा प्राणीही चालत नाही. तो सर्वांत आधी जेवण बंद करतो. कल्ल्यांची टोके पुढे वळणे, पाण्यावर तरंगणे, कल्ल्यांवर कापसासारखी बुरशी येणे, ही पुढची लक्षणे.

मावसभावाच्या टाकीत मे महिन्यात आम्ही तापमापक सोडला, तेव्हा पारा २९ वर होता. दुकानदाराने "हा काहीही खातो, काळजी नको" एवढेच सांगितले होते. दोहोंपैकी एक आठवड्याभरात गेला. दुसऱ्यासाठी पाणी थंड करणारे यंत्र आणले. दिवसाला दोन-तीन अंश अशा बेताने पाणी १८ वर आणल्यावर बाराव्या दिवशी त्याने गांडुळाचा पहिला तुकडा घेतला. निरोगी, वाढ झालेला प्राणी दोन आठवडे उपाशी राहू शकतो, म्हणूनच तो वाचला. पिल्लाला एवढी सवड नसते.

पंखा लावून पाणी गार होते, असे काही जण सांगतात. पंख्याने पाण्याची वाफ होते आणि त्यामुळे ते थंड होते, हे खरे. पण गोव्याच्या दमट हवेत वाफ होते ती थोडीच. बर्फाच्या बाटल्या टाकल्या तर पाणी एकदम गार आणि दुपारपर्यंत पुन्हा गरम, हा चढउतार आणखी वाईट. म्हणजे फोंड्यासारख्या गावी यंत्राला पर्याय नाही. १५० वॅटचे यंत्र दिवसाचे बारा तास चालले तरी महिन्याला ५४ युनिटे वीज लागते. प्राणी विकत घेण्यापूर्वी हा आकडा वडिलांना दाखवावा!

तापमान ठीक असूनही तो जेवत नसेल, तर पाण्याची शुद्धता पाहावी. विष्ठेतून आणि कुजलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्याचे नायट्रेट करतात. हे जिवाणू टाकीत स्थिरावायला महिना-दीड महिना लागतो. नवी टाकी आणि नवा प्राणी एकाच दिवशी घरी आणले, की उपोषण ठरलेलेच. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. नळाच्या पाण्यातला क्लोरीन घालवल्याशिवाय ते वापरू नये. जांभ्या दगडातल्या विहिरीचे पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्ल असते. या प्राण्याला थोडे जड पाणी लागते, म्हणून तेही तपासून घ्यावे.

आता जेवणाची रीत. अ‍ॅक्सोलॉटल चावत नाही. तो एकदम तोंड उघडतो आणि आत ओढल्या जाणाऱ्या पाण्याबरोबर भक्ष्य गिळतो. दात असतात, पण फक्त धरून ठेवण्यापुरते. म्हणून घास त्याच्या दोन डोळ्यांमधील अंतराहून रुंद नसावा. याच रीतीमुळे टाकीत बारीक खडी घातलेली असल्यास घासाबरोबर खडेही पोटात जातात, आतडे बंद होते आणि जेवण थांबते. तळ मोकळा ठेवावा हे उत्तम. त्याची नजर अधू असते. वास आणि पाण्याची हालचाल यांवरून तो अन्न ओळखतो. लहान पिल्ले तर हलणारे भक्ष्यच खातात. त्यांना पाणपिसवा किंवा नुकतीच अंड्यातून निघालेली आर्टेमिया जिवंतच द्यावी लागते. मोठ्याला बोथट चिमट्याने घास नाकापुढे हळूच हलवून द्यावा. पिल्लाला रोज, मोठ्याला दोन-तीन दिवसांनी. उरलेले अन्न काही तासांत काढून टाकावे.

सर्वांत उत्तम अन्न म्हणजे गांडूळ, आपल्या कन्नड मित्रांचे एरेहुळु. बुडणाऱ्या गोळ्याही चालतात. बाजारातल्या सुंगटाचा छोटा तुकडा अधूनमधून द्यायला हरकत नाही, पण ते रोजचे जेवण नव्हे. कोंबडी-मटण देऊ नये. जिवंत गोल्डफिशही देऊ नये. त्यातून परजीवी येतात आणि त्यातील एक घटक ब-१ जीवनसत्त्व नष्ट करतो.

गांडूळ दिले तरी थुंकतो, अशीही तक्रार असते. हा खरा चोखंदळपणा, आणि त्यालाही कारण आहे. गांडूळखताच्या टाक्यांत वाढवलेली लाल गांडुळे डिवचली की पिवळा, कडवट द्रव सोडतात. ती क्षणभर गरम पाण्यात बुडवून, धुऊन, तुकडे करून द्यावीत; नाहीतर साधी मातीतली गांडुळे शोधावीत. ज्याला लहानपणापासून गोठवलेल्या लाल अळ्यांचीच सवय लागली, तोही नवे अन्न नाकारतो. त्याला दोन दिवस उपाशी ठेवून आधी गांडुळाचा तुकडा द्यावा, अळ्या नंतर.

मातीतली गांडुळे शोधताना मात्र गोवेकरांनी एक भान ठेवावे. कुळागरात, सुपारीच्या बुडाशी ओल असते तिथे गांडुळे भरपूर मिळतात. फवारणी झालेली जागा टाळावी. पण याच ओलीत देवगांडूळही राहते. ते गांडूळ नव्हेच. ते पाय नसलेले उभयचर आहे, म्हणजे टाकीतल्या पाहुण्याचेच दूरचे भाऊबंद. आपल्या तालुक्यातील बोंडला अभयारण्यात सापडलेल्या अशा एका जातीची विज्ञानात पहिली नोंद २००४ साली झाली. तिचे नाव जेजेनिओफिस नाडकर्णीआय. गांडुळाला जबडा नसतो; देवगांडुळाला जबडा, दात आणि नाकपुड्या असतात. हातात धरून नीट पाहिले तर फरक कळतो. ओळखू आले की ते होते तिथेच मातीत सोडावे. मेक्सिकोचा पाहुणा पोसण्यासाठी घरच्या माणसाचा बळी देणे शोभत नाही.

शेवटी कायद्याविषयी दोन शब्द. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्राण्यांच्या यादीत अ‍ॅक्सोलॉटल आहे. त्यामुळे २०२४ च्या नियमांप्रमाणे तो बाळगणाऱ्याने परिवेश या सरकारी संकेतस्थळावर त्याची नोंद केली पाहिजे. कंटाळा आला म्हणून त्याला खांडेपारच्या नदीत सोडणे हा तर दुहेरी अपराध होईल. तो तिथल्या उष्म्यात मरेल, आणि त्याच्या अंगचा रोग आपल्या बेडकांना लागू शकेल.

तेव्हा मित्रहो, हा प्राणी जेवत नसेल तर क्रम असा धरा : आधी तापमापक, मग पाण्याची तपासणी, मग टाकीचा तळ, मग घासाचा आकार, आणि सर्वांत शेवटी त्याची आवडनिवड. एवढे करूनही तो तोंड उघडत नसेल, तर पशुवैद्याकडे जावे. आणि ज्यांनी अजून विकत घेतलेला नाही, त्यांनी आपल्या घरात मे महिन्यात पाणी किती तापते, हे एकदा मोजून पाहावे.