नंबर जुळला का?

जुनं रिव्हॉल्व्हर विकायला आलं की सोबत एक गोष्ट येतेच. कुणाच्या पणजोबांचं, कुठल्याशा लढाईतलं. मी गोष्ट नीट ऐकून घेतो आणि भिंग काढतो. माझं आयुष्य लेथ आणि मिलिंग मशिनवर गेलं. लोखंडाची साक्ष मला जास्त पटते. कनेटिकटमध्ये, म्हणजे सॅम्युअल कोल्टच्याच राज्यात, मी कोल्टची टोपीवाली रिव्हॉल्व्हरं जमवतो.

हा कोल्ट १८३० साली, सोळा वर्षांचा असताना, बॉस्टनहून कलकत्त्याला निघालेल्या ‘कॉर्व्हो’ जहाजावर खलाशी म्हणून चढला. फिरत्या पिस्तुलाचा लाकडी नमुना त्याने याच सफरीत कोरला असं सांगतात. १८३६ मध्ये त्याला अमेरिकेत पेटंट मिळालं. धातूचं काडतूस तेव्हा रुळलेलं नव्हतं. सिलिंडरच्या प्रत्येक घरात पुढून दारू आणि शिशाची गोळी घालायची, नळीखालच्या दांड्याने ठासायची, मागे तांब्याची टोपी बसवायची. घोडा मागे ओढला की सिलिंडर एक घर फिरून जागीच अडकतो.

नव्या संग्राहकाला मी १८५१चं ‘नेव्ही’ हातात देतो. सहा बार, ०.३६ इंचाची नळी. यातली काही रिव्हॉल्व्हरं कोल्टने १८५३ मध्ये लंडनच्या पिम्लिकोत उघडलेल्या कारखान्यातली. त्यांच्या नळीवर लंडनचा पत्ता आणि मुकुट कोरलेले चाचणीचे शिक्के असतात. सिलिंडरवर १६ मे १८४३च्या टेक्सास-मेक्सिको आरमारी लढाईचं चित्र दाबून उठवलेलं. ते इतकं उथळ असतं की वापराने आधी तेच पुसट होतं. नळीच्या कडा झिजलेल्या आणि जहाजांची शिडं मात्र ठसठशीत दिसली, तर चित्र नंतर उठवलं असल्याची शंका घ्यायची.

मग नंबर. नळी, फ्रेम, सिलिंडर, चापाभोवतीची कडी, मुठीची पट्टी, नळी पक्की करणारी छोटी पाचरसुद्धा. सगळीकडे तोच नंबर हवा. कोल्टचे भाग यंत्रावर घडत, पण शेवटचा मेळ कारागीर कानशीने घालत असे. जुळवलेले भाग पुन्हा सुटे करून त्यांना पाणी दिलं जाई, पॉलिश होई, आणि प्रत्येक भाग आपल्याच जोडीदारांकडे परत यावा म्हणून हे नंबर. म्हणजे जुळलेल्या नंबरांत त्या कारागिराच्या हातचं काम शाबूत असतं. एक पाचर बदललेली निघाली तरी किंमत उतरते, आणि ते योग्यच आहे.

म्हणून माझी कळकळीची विनंती: जुनं हत्यार चकाचक करू नका. पॉलिश पेपरच्या दहा मिनिटांत शिक्के, चित्र आणि मूळ निळसर झिलई कायमची जाते. आधी घरं रिकामी असल्याची जाणकाराकडून खात्री करून घ्या. दीडशे वर्षांपूर्वी ठासलेली दारूही पेटू शकते. मग सुती हातमोजे आणि मेणाचा पातळ हात, एवढंच पुरे.

दुर्मीळतेचं शिखर म्हणजे १८४७चं ‘वॉकर’. जेमतेम ११०० बनली, वजन दोन किलोच्या वर. पेटीसकट जपलेलं एक ‘वॉकर’ २०१८ मध्ये अमेरिकेतल्या लिलावात १८ लाख ४० हजार डॉलरला गेलं. एवढा पैसा असला की बनावट शिक्केही येतातच.

१८५७ मध्ये ब्रिटिश अधिकारी कोल्ट आणि ॲडम्सची रिव्हॉल्व्हरं बाळगत, त्यामुळे भारतातही एखादं निघू शकतं. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू १९७२च्या पुरावशेष कायद्याखाली येते. खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. शस्त्र कायद्यात निकामी पुराण्या हत्यारांना सूट आहे, पण आपलं हत्यार त्यात बसतं का, हे स्वतः ठरवू नका. परवाना शाखेत विचारा. आणि घरची गोष्ट सांगणारं वडीलधारं माणूस असेल तर ती आजच तारखेनिशी लिहून घ्या, शेजारी हत्याराचा नंबर टाका. नंबराशी बांधलेली गोष्टच पुढच्या संग्राहकाला तपासता येते.