ड्रायर: आधी वारा, मग आच

जुलैत मुंबईत किंवा रत्नागिरीत सकाळी केस धुतले की दुपारपर्यंत ते दमटच राहतात, पंखा पाचवर असला तरी. पंखा केसांवर जी हवा आणून टाकतो, तीच मुळात बाष्पाने भरलेली असते. २७ अंश सेल्सिअसच्या हवेत ९० टक्के आर्द्रता असली, तर तिच्यात आणखी वाफ मावायला जागा फारशी उरत नाही. पण त्याच हवेतलं बाष्प जराही न काढता ती ६० अंशांपर्यंत तापवली, तर तिची सापेक्ष आर्द्रता १६ टक्क्यांच्या आसपास उतरते. ड्रायर एवढंच करतो. खोलीतलीच दमट हवा आत ओढतो, तिला तापवून तहानलेली करतो आणि केसांतून पळवतो. पूर्वी बाळंतिणीचे केस शेगडीवरच्या धुरीने वाळवत, तेव्हाही तापलेली हवा हेच काम करत होती. तिला ढकलायला पंखा मात्र नव्हता.

ड्रायर उघडून पाहिला (प्लग काढून, आणि वॉरंटी संपल्यावरच), तर आत फार काही नसतं. मागे जाळी, तिच्या आत छोटी मोटर आणि पाती, पुढे अभ्रकाच्या पातळ पट्ट्यांवर गुंडाळलेली नायक्रोमची नागमोडी तार. नायक्रोम हा निकेल आणि क्रोमिअमचा मिश्रधातू. तो तापून लाल झाला तरी सहजी गंजत नाही, कारण त्याच्यावर क्रोमिअम ऑक्साइडचा पातळ थर धरतो. अभ्रक वीजही वाहू देत नाही आणि उष्णतेलाही दाद देत नाही. स्वस्त ड्रायरमधली मोटर बहुधा कमी व्होल्टेजची असते. तिला २३० व्होल्ट झेपणार नाहीत, म्हणून तिची वीज तापणाऱ्या तारेच्याच एका तुकड्यातून फिरवून आणतात. अशा ड्रायरची ‘थंड’ हवाही किंचित कोमट लागते ती यामुळे. तारेजवळ एक थर्मोस्टॅट असतो. फार तापलं की तो वीज तोडतो.

आता वॅटकडे येऊ, कारण खरेदीत सगळा घोळ तिथेच होतो. खोक्यावर ठळक छापलेला आकडा ड्रायर किती वीज खातो ते सांगतो, केस किती लवकर वाळतील ते नाही. १२०० वॅटच्या ड्रायरमधून सेकंदाला २० लिटर हवा जात असेल, तर ती साधारण ५० अंशांनी तापते. वॅट तेवढेच ठेवून हवा निम्मी केली, तर तीच वाढ १०० अंशांच्या पुढे जाते. पहिल्या ड्रायरने केस वाळतात, दुसऱ्याने करपतात. गंमत अशी, की दुकानात तळहातावर दुसराच ‘पॉवरफुल’ वाटतो, कारण चटका लवकर बसतो. म्हणून तळहाताऐवजी रुमाल धरावा. हातभर अंतरावरून तो चांगला फडफडला पाहिजे.

मोठा आकडा घ्यायचाच असेल, तर आधी घरातलं सॉकेट बघा. ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटमधून २३० व्होल्टला जेमतेम १३८० वॅट निघतात. २००० वॅटच्या ड्रायरला जाड पिनांचा १६ अँपिअरचा पॉइंट लागतो, आणि तो आरशापाशी क्वचितच असतो. मध्ये कन्व्हर्टर खुपसून बारीक सॉकेटवर चालवलं, की सॉकेट काळं पडतं, पुढे वितळतं. गार हवेचं बटण मात्र हवंच. वजनही उचलून पाहा. हात डोक्यावर धरून पाच-सात मिनिटं काढायची असतात. ‘आयनिक’ म्हणून जास्त पैसे मोजावेत असं मला वाटत नाही. ऋण आयनांनी केसांवरचा स्थिर विद्युतभार कमी होतो हे खरं, पण तो त्रास कोरड्या हवेतला. नागपूरच्या थंडीत त्याचा उपयोग होईल, कोकणात कशाला?

वापरण्याआधी पंचा. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता लागते. केसांत ५० ग्रॅम पाणी असेल, तर १२०० वॅटची सगळी उष्णता पाण्यालाच मिळाली तरी १०० सेकंद जातील. प्रत्यक्षात बरीचशी उष्णता खोलीत पसरते आणि वेळ कितीतरी वाढतो. पंचा गुंडाळून दहा मिनिटं बसलं, की यातलं पुष्कळसं पाणी फुकटात जातं. खसाखसा पुसू नये, ओला केस ताणला जातो आणि तुटतो.

अंतर किती ठेवायचं? २०११ मध्ये कोरियन संशोधकांनी केसांच्या बटा वेगवेगळ्या अंतरावरून वाळवून पाहिल्या. १५ सेंटिमीटरवरून केसांचं तापमान ४७ अंश होतं, १० वरून ६१ आणि ५ वरून ९५. जवळून वाळवलेल्या केसांच्या पृष्ठभागाची जास्त हानी झाली. पण नुसत्या वाऱ्यावर वाळू दिलेल्या बटाही पूर्ण सुटल्या नाहीत. पेशींना जोडणाऱ्या आतल्या थराला इजा दिसली ती त्यांच्यातच. त्यांचा निष्कर्ष असा, की १५ सेंटिमीटरवरून, ड्रायर सतत हलवत ठेवला तर नैसर्गिक वाळवण्यापेक्षा नुकसान कमी होतं. म्हणजे वीतभरापेक्षा थोडं कमी अंतर. हात थांबला की फायदा संपला.

सुरुवात मुळांपासून करावी, टोकं शेवटी. ती सगळ्यांत जुनी आणि झिजलेली असतात. झोत मुळांकडून टोकांकडे, कारण केसावरचे खवले त्याच दिशेला मिटतात. पुढची चपटी चोच झोत एकवटते. कुरळे केस असतील तर चोच काढून डिफ्यूझर लावावा, तो वारा पसरवतो आणि वळणं विस्कटत नाहीत. शेवटी गार हवा, तीही उगाच नाही. पाण्याने केसातले हायड्रोजन बंध सुटतात आणि वाळताना, गार होताना पुन्हा जुळतात. ज्या आकारात जुळतील तो आकार राहतो. पुढे पावसाळी हवा लागली की ते पुन्हा सुटतात, आणि दादरच्या पुलापर्यंत पोचता पोचता पार्लरचे पैसे गेलेले असतात.

देखभाल म्हटली तर मागची जाळी. तिच्यावर धूळ नि केस साचले की हवा घटते आणि वर सांगितलेलं गणित उलटतं. ड्रायर मध्येच बंद पडू लागला तर आधी तीच जुन्या ब्रशने झाडावी. वायर मुठीभोवती आवळून गुंडाळू नये, बुडाशी आतून तुटते. न्हाणीघरात तर तो नेऊच नये. अमेरिकेहून कुणी ड्रायर आणला, तर त्यावरचा व्होल्टेजचा आकडा वाचा. १२० व्होल्टचं यंत्र इथल्या २३० व्होल्टवर जवळपास पावणेचार पट वीज ओढतं; पिन बदलणारा अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही. उलट इथला ड्रायर तिकडे नेला तर जळणार नाही, पण पाव शक्तीवर नुसती फुंकर घालत बसेल.