जुन्या पिकअपचं दुखणं

नंदुरबारच्या बाजार समितीत ओल्या लाल मिरचीची आवक वाढली की पिकअपच्या रांगा लागतात. मिरची पथारीवर जाते, आणि रांगेतली एखादी जुनी बोलेरो नेमकी तेव्हाच 'कट्' करून गप्प बसते. चार माणसं धक्का मारतात, गाडी चालू होते. मालक म्हणतो, बॅटरी गेली. पुष्कळदा ती गेलेली नसते.

जुन्या, पंपाच्या डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. दाबाने तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेटतं. त्यामुळे एकदा चालू झालं की त्याला विजेची गरज नावापुरतीच. धक्क्यावर गाडी महिनोन्‌महिने चालते आणि दुरुस्ती लांबते ती याचमुळे. नंतरच्या कॉमन रेल गाड्यांत संगणक आला. त्याला कमी व्होल्टेज खपत नाही.

खरी मेख अर्थिंगमध्ये. सेल्फ मारताना स्टार्टर दोनशेच्या घरात अँपिअर ओढतो. लाल केबलमधून गेलेला हा सगळा प्रवाह इंजिन, चासी आणि अर्थच्या पट्टीतून बॅटरीकडे परततो. त्या पट्टीच्या बोल्टखाली गंज चढून 0.01 ओहमचा अडथळा झाला, तरी 2 व्होल्ट तिथेच जिरतात. नवी बॅटरी टाकली की ती थोडा जोर जास्त लावते, काही दिवस बरे जातात, आणि पैसे गेले ते गेलेच.

अर्थ गेल्याची दुसरी खूण मागच्या दिव्यांत दिसते. इंडिकेटर दिला की टेललाइटही लुकलुकतो. परतीची वाट न मिळालेला प्रवाह शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. तळोद्याहून धडगावला चांदसैली घाटाने रात्री जाणाऱ्याने हे हसण्यावारी नेऊ नये.

बाकी उपद्व्याप आपलेच. मोठा हॉर्न, एलईडीच्या पट्ट्या, गाण्यांचा डेक, सगळं टेपने गुंडाळलेल्या जोडांवर. पावसाळ्यात त्यात पाणी शिरतं. फ्यूज उडाला की जागी तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी! असा 'इलाज' करणाऱ्याला मी कारागीर म्हणणार नाही. पुढच्या शॉर्टला फ्यूजऐवजी वायरिंग जळतं.

निदानाला साधा मीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसावेत, इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4. कमी भरले तर पट्टा, अल्टरनेटरचे कार्बन किंवा रेग्युलेटर बघा. 15 च्या वर गेले तर रेग्युलेटर बिघडलाय. बॅटरीतलं पाणी उकळून आटेल. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर दोष अर्थचा. बोल्ट सोडवा, पॉलिश पेपरने घासा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलीन लावा.

नवी बॅटरी घेण्याआधी एवढं करून बघायला सांगा. मेकॅनिक आढेवेढे घेऊ लागला, तर गॅरेज बदला.